टार्गेटिंग पॉड एका जागी ठरेना : एफ-१६ वाल्यांनी जरा बघा

परभणीकर_वायपर (परभणी)
राम राम मंडळी. डीसीएस या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये एफ-१६ उडवायलोय, सीरियाच्या नकाशावर. मिशन मीच तयार केलंय. लताकियाजवळची समुद्राकाठची धावपट्टी, तिच्या कडेला रडारची गाडी आणि थोडे ट्रक. लाइटनिंग पॉड (लक्ष्य शोधायचा कॅमेरा आणि लेझर असलेला डबा) लावतो, २० हजार फुटांवरून जातो, स्टीअरपॉइंट (मार्गावर आधीच नोंदवलेला बिंदू) निवडून पॉड तिकडे वळवतो.

आता अडचण. पॉड वळला की धावपट्टी चौकटीत नसतेच, अलीकडे हुडकून आणावी लागते. आणली की थांबत नाही. क्रॉसवायर मधोमध उभी अन् खालची जमीन आपली सरकायली. लांब असताना हळू, जवळ गेलं की जोरात. ट्रकवर क्रॉसवायर ठेवली, एकदा एचयूडीकडं (समोरच्या काचेवरच्या आकड्यांकडं) बघून परत एमएफडीकडं (पॉडचं चित्र दाखवणाऱ्या पडद्याकडं) बघितलं, तेवढ्यात ट्रक गायब. जेडॅम (दिलेल्या अक्षांश-रेखांशावर जाणारा बॉम्ब) सोडली तर ती भलतीकडेच पडते.

मित्र म्हणतो गेममधला बग आहे, अपडेटची वाट बघ. मला पटत नाही. त्याच आवृत्तीवर लोकांचे व्हिडिओ बघतो, त्यांचा पॉड हलत नाही. विमान थंड अवस्थेतून सुरू करतो, आयएनएस (विमानाची जागा आणि दिशा स्वतः काढणारी यंत्रणा) अलाइन होऊ देतो. कर्सर फिरवायला थ्रॉटलवरची अंगठ्याची छोटी स्टिक वापरतो. कुठून शोधायला सुरुवात करू?

लातूर_एक्सप्रेस (लातूर)
अंगठ्याची स्टिक. दुसरं काही नाही. कंट्रोल्समध्ये जा, एफ-१६ निवड, अ‍ॅक्सिसच्या यादीत रडार कर्सरचे एक्स आणि वाय शोध, अ‍ॅक्सिस ट्यूनमध्ये डेडझोन १० दे, म्हणजे मध्याजवळची किरकोळ हालचाल गेम धरत नाही. माझं त्यातच भागलं होतं.

सेलूचा_सुखोई (सेलू)
+१. आणि तीच अ‍ॅक्सिस अजून कुठल्या उपकरणाला लागलीय का तेही बघ. डीसीएस नवीन काहीही जोडलं की आपल्या मनानं अ‍ॅक्सिस वाटून टाकतं. पेडल जोडले की पेडलवर, जुनी जॉयस्टिक पडलेली असली की तिच्यावर. ओळीत दोन ठिकाणी नोंद दिसली तर एक पुसून टाक.

सोल्डरगन (नांदेड)
डेडझोन दिला की आजचा दिवस निघतो, पण स्टिक का सरकते हे बघायला पाहिजे. माझ्याकडं दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक छोट्या स्टिकांमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. आत कार्बनची पट्टी आणि तिच्यावरून फिरणारं धातूचं टोक. पट्टी मधोमध जास्त झिजते, कारण बोट तिथंच खेळत असतं. धूळ बसली की आकडा नाचतो. आपल्याकडं उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवून कूलर लावून बसतात, जवळ शेत असलं की मळणीचा भुसा थेट टेबलावर. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून स्टिक गोलगोल फिरवली की पुष्कळदा सुधारते. पट्टीच झिजली असेल तर भाग बदलायचा. हॉल सेन्सरमध्ये चुंबक असतं, घासणारं काहीच नाही, म्हणून तो जास्त टिकतो.

दुसरी गोष्ट लोक धरतच नाहीत. काही जॉयस्टिका यूएसबीला जोडल्या त्या क्षणी स्टिक जिथं असेल तोच मध्य धरतात. लाइट गेली, यूपीएसनं उचलायला क्षणभर उशीर केला, यूएसबी हब बंद होऊन चालू झाला आणि त्या वेळी अंगठा स्टिकवर होता, की संपलं. नवा मध्य वाकडा. खेळताना लाइट येऊन जाऊन असेल तर आधी हात काढा, केबल काढून परत लावा, मग बोला.

तपासायचं सोपं आहे. विंडोजच्या रनमध्ये जॉय डॉट सीपीएल टाइप कर, स्टिकला हात न लावता चौकटीतली फुली बघ. ती मधोमध स्थिर पाहिजे.

परभणीकर_वायपर
सोल्डरगन दादा, फुली बघितली. किंचित उजवीकडं आहे आणि मधूनमधून थरथरते. डेडझोन ८ दिला. आडवं सरकणं थांबलं.

पण मग थ्रॉटलची केबलच काढून कीबोर्डवर उडवून बघितलं. तरी जमीन सरकायलीच. फक्त आता उजवीकडं न जाता सरळ वर जाते, म्हणजे स्क्रीनच्या खालच्या कडेकडून वरच्या कडेकडं.

बालाघाट (अंबाजोगाई)
हे वाक्य महत्त्वाचं आहे, लातूर_एक्सप्रेस. केबल काढल्यावरही सरकतंय म्हणजे स्टिक हे एक कारण होतं, एकुलतं एक नव्हतं.

परभणीकर, "पॉड सरकतो" एवढ्यावर कुणीच उत्तर देऊ शकत नाही. कुठल्या दिशेनं, कुठल्या मोडमध्ये, कशाबरोबर वाढतंय, हे तिन्ही सांगावं लागतं. तू दिशा सांगितलीस, जवळ गेल्यावर वाढतंय हेही सांगितलंस. आता मोड सांग. पॉडच्या चित्रात खाली अक्षरं दिसतात. एरिया दिसतं, पॉइंट दिसतं, की आयएनआर?

परभणीकर_वायपर
आयएनआर.

बालाघाट
मग पॉड तुझ्या ट्रककडं बघतच नाहीये.

नीट लिहितो, कारण हा घोळ नव्या माणसाचा हमखास होतो. आयएनआरमध्ये पॉड चित्रातलं काहीच ओळखत नाही. विमानाची यंत्रणा त्याला सांगते की अमुक अक्षांश, अमुक रेखांश, अमुक उंची असा एक बिंदू आहे, तिकडं तोंड कर. तो गणितानं तिकडं तोंड करून बसतो. गणितात दिलेला बिंदू चुकीचा असला की तो प्रामाणिकपणे चुकीच्या जागी बघत राहतो.

एरिया ट्रॅकमध्ये कॅमेरा सगळं चित्र पकडतो आणि दर क्षणी मागच्या चित्राशी ताडून बघतो. धावपट्टी, इमारती, रस्त्याचा फाटा अशा ठिकाणी हेच वापर. पॉइंट ट्रॅकमध्ये एकच वस्तू धरतो, मग ती चालती असली तरी तिच्यामागं जातो. त्याला वस्तू आणि पार्श्वभूमीत फरक दिसावा लागतो. तापलेल्या वाळूवर तापलेला ट्रक असला की धरत नाही, मग व्हाइट हॉट (गरम ते पांढरं), ब्लॅक हॉट (गरम ते काळं) किंवा साधा टीव्ही बदलून बघायचं.

टीएमएस (विमानाच्या दांड्यावरचं चार दिशांना दाबायचं बटण) उजवीकडं म्हणजे एरिया, वर म्हणजे पॉइंट. खाली दाबलं की पॉड परत स्टीअरपॉइंटच्या ताब्यात. ट्रकवर क्रॉसवायर आणून बोट काढलंस आणि टीएमएस दाबलाच नाहीस, तर तो आयएनआरमध्येच राहणार.

हिंगोली_हॉक (हिंगोली)
आणि एरियात असूनही मध्येच आयएनआरला पडला तर चित्रात एम अक्षर येतं का बघ. म्हणजे मध्ये विमानाचंच अंग आलंय. एफ-१६ ला पॉड हवेच्या तोंडाच्या उजव्या अंगाला लटकतो. डावीकडं कलंडून घेरा घातलास तर पंख, टाकी, पोट असं काहीतरी आडवं येण्याची शक्यता जास्त. उजवा घेरा घाल.

अजिंठा_ताई (छत्रपती संभाजीनगर)
मोड दाबून तात्पुरतं भागेल, पण मूळ प्रश्न राहतोच. पॉड पहिल्यांदा वळतो तेव्हाच धावपट्टी चौकटीत का नाही? बालाघाट दादांनी म्हटलंय तसं यंत्रणेला दिलेला बिंदूच चुकीचा असावा. मला वाटतं त्याची उंची चुकलीय.

मिशन एडिटरमध्ये स्टीअरपॉइंट टाकताना एडिटर त्याला विमान उडण्याची उंची देतो, जमिनीची नाही. लक्ष्यावरच्या पॉइंटला किती उंची दिलीय ते बघ बरं.

परभणीकर_वायपर
ताई, २००० फूट दिसतंय. समुद्रसपाटीपासून.

अजिंठा_ताई
मग झालं. तुझी धावपट्टी समुद्राला लागून आहे, तिथली जमीन जेमतेम समुद्रसपाटीच्या वर. म्हणजे पॉड धावपट्टीच्या डोक्यावर २००० फुटांवर असलेल्या रिकाम्या हवेकडं बघतोय. हवेत काही दिसत नाही, म्हणून नजर पुढं जाऊन जमिनीला टेकते आणि आपल्याला ती जमीन दिसते. तू अलीकडं हुडकून आणावं लागतं म्हणालास ना, ते याचमुळं. पॉडची नजर धावपट्टीच्या पलीकडं पडतेय.

हिशोब करू या. मीटरमध्ये २००० फूट म्हणजे साधारण ६१०. तू २० हजार फुटांवर, म्हणजे ६१०० मीटर. ३० अंशांनी खाली बघत असशील तर नजर धावपट्टीच्या हजारभर मीटर पलीकडं टेकते. १५ अंशांनी बघत असशील तर सव्वादोन किलोमीटर पलीकडं. बरोबर डोक्यावर गेलास की फरक शून्य. म्हणजे तू जवळ येशील तशी ती नजर जमिनीवरून तुझ्याकडं येत राहते, आणि स्क्रीनवर जमीन खालून वर जाताना दिसते. तू सांगितलेली दिशा हीच.

वेगही काढता येतो. तू त्या बिंदूच्या १८ हजार फूट वर, बिंदू जमिनीच्या २ हजार फूट वर. प्रमाण नवास एक. विमान ९ किलोमीटर पुढं गेलं की पॉडची नजर जमिनीवर १ किलोमीटर सरकते. सेकंदाला २२० मीटर वेग धरला तर जमिनीवर ती सेकंदाला २४ मीटर सरकते. झूम केलेल्या चौकटीतून ट्रक निघून जायला वेळ लागतोच किती? जमिनीवरचा हा वेग बदलत नाही, पण जवळून बघताना तोच वेग चित्रात मोठा दिसतो. म्हणून "जवळ गेलं की जोरात".

सोल्डरगन
ताई, याला म्हणतात दुरुस्ती. पाना हातात न घेता.

ड्रोनवाला_जालना (जालना)
ताईंचं शंभर टक्के बरोबर. गेम मी फारसा खेळत नाही, धागा उंचीवर आला म्हणून लिहितोय. मी सोयाबीन आणि कापसावर फवारणीचं ड्रोन चालवतो. पुष्कळ ड्रोनमध्ये दिसणारी उंची ही जिथून उडवलं त्या जागेपासूनची असते, खालच्या जमिनीपासूनची नाही. बांधावरून उडवलं आणि रान उताराचं असलं की आकडा ३ मीटरच दाखवतो, पण ड्रोन पिकापासून ७ मीटरवर असतं आणि औषध वाऱ्यावर जातं. चढाकडं गेलं तर उलटं, पिकाला टेकतं. म्हणून खाली बघणारा रडार असलेलं यंत्र घेतात, तो जमीन मोजत जातो. उंची सांगितली की पहिला प्रश्न विचारायचा, कुठून मोजलेली?

मांजराकाठ (केज)
सगळे उंचीच्या मागं लागलेत, पण मला आयएनएसच वाटतो. पोरं अलाइनमेंट पूर्ण व्हायच्या आधी टॅक्सी करतात. आयएनएस बिघडला की स्टीअरपॉइंट बिघडला, स्टीअरपॉइंट बिघडला की पॉड बिघडला. उंचीचं गणित ठीक आहे पण आधी पाया बघा.

जायरो_काका (धाराशिव)
मांजराकाठ, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण इथं बसत नाही. मी हवाई दलात इन्स्ट्रुमेंटच्या कामावर होतो. नोकरीतलं काही लिहीत नाही, पाठ्यपुस्तकात आहे तेवढंच सांगतो.

आयएनएसला बाहेरचं काहीच दिसत नाही. आत जायरो आणि अ‍ॅक्सिलरोमीटर. किती जोर लागला, किती वळलो, यावरून तो कुठं पोचलो ते काढतो. त्याला सुरुवातीला दोन गोष्टी लागतात, मी कुठं उभा आहे आणि उत्तर कुठं आहे. जागा वैमानिक सांगतो. उत्तर तो स्वतः शोधतो, पृथ्वीच्या फिरण्यावरून. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. त्या फिरण्याचा आडवा भाग बरोबर उत्तरेकडं असतो. आपल्याकडं, १८ अंश अक्षांशावर, तो तासाला साधारण १४.३ अंश भरतो. लताकियाला, साडेपस्तीस अंशावर, साधारण १२.२. जसजसं ध्रुवाकडं जाल तसा तो कमी होत जातो आणि उत्तर सापडणं अवघड होतं. तासाला बारा अंश ही फार मंद हालचाल आहे. ती मोजत असताना विमान हललं तर मोजमापाचं वाटोळं. म्हणून अलाइनमेंट होईपर्यंत चाक हलवायचं नाही.

एफ-१६ मध्ये नॉर्मल अलाइनमेंटला साधारण ८ मिनिटं लागतात. स्टोअर्ड हेडिंगला साधारण दीड मिनिट, कारण तिथं उत्तर आधीच साठवलेलं असतं. डीईडीवर (आकडे दाखवणाऱ्या छोट्या पडद्यावर) आरडीवाय, म्हणजे तयार, लुकलुकायला लागलं की आयएनएसचा नॉब नॅव्हवर. तोवर धीर धरायचा.

आता मुख्य. नीट अलाइन झालेला चांगला आयएनएस तासाला एक सागरी मैल एवढ्या अंदाजानं सरकतो. १८५२ मीटर भागिले ६०, मिनिटाला ३१ मीटर. सेकंदाला अर्धा मीटर. तेही एका दिशेनं सरळ जात नाही, ८४ मिनिटांच्या एका हेलकाव्यात मागंपुढं होत जातं, त्याला शूलर दोलन म्हणतात. अर्ध्या मीटरच्या चालीनं ट्रक बघता बघता चौकटीबाहेर जात नाही. ताईंनी सेकंदाला २४ मीटर काढलेत, पोराला दिसतंय ते त्या चालीचं. आयएनएस तासाभरानं स्टीअरपॉइंट चुकवेल, डोळ्यादेखत जमीन पळवणार नाही.

आणि अलाइनमेंट मुळातच बिघडली असती तर एकच स्टीअरपॉइंट नाही, सगळेच बिघडले असते. परत उतरताना आपल्या धावपट्टीचा स्टीअरपॉइंटही धावपट्टीवर दिसला नसता.

मांजराकाठ
काका, अर्धा मीटरवाला मुद्दा मान्य. पण जीपीएस चालू असेल तर एवढंही सरकायला नको ना?

जायरो_काका
बरोबर. जीपीएस आयएनएसला सतत दुरुस्त करत राहतो. पण जीपीएस असला तर. उपग्रहांचं जाळं पूर्ण क्षमतेनं चालू झाल्याचं जाहीर झालं ते १९९५ साली. डीसीएसही तारीख बघतं. मिशन ऐंशीच्या दशकात लावलं तर विमानाला जीपीएस मिळत नाही, मग स्विच चालू असो की बंद. तिथं मात्र तुमचा आयएनएसचा मुद्दा पहिला.

लातूर_एक्सप्रेस
काका, तुमच्या दलात लाइटनिंगच होता ना कारगिलला?

जायरो_काका
होता. मिराज २००० वर. २४ जून १९९९ ला टायगर हिलवर लेझर बॉम्ब टाकला तो त्याच पॉडच्या मदतीनं. हवाई दलप्रमुख होते एअर चीफ मार्शल अनिल यशवंत टिपणीस, आपलेच मराठी. टायगर हिल पाच हजार मीटरच्या वर. तेवढ्या उंचीवर हवा विरळ, बॉम्ब खाली येतो ती रेषा वेगळी, आणि डोंगराच्या धारेवरचं लक्ष्य म्हणजे जरा पुढं-मागं झालं तर बॉम्ब दरीत. उंची चुकली की काय होतं हे त्या डोंगरावर कुणाला शिकवायला लागलं नाही.

हिंगोली_हॉक
आणि डीसीएसच्या मिराज २००० सी वर पॉडच लागत नाही. कारगिल करायचं म्हणून तेच विमान घेतलं होतं. बॉम्ब लागतो, पण लेझर दुसऱ्यानं मारायला पाहिजे.

सेलूचा_सुखोई
आणि नकाशाही नाही हिमालयाचा. मला तर दख्खनचा पाहिजे. चिकलठाण्याहून उड्डाण, देवगिरीच्या किल्ल्याला वळसा, जायकवाडीच्या पाण्यावरून खाली.

लातूर_एक्सप्रेस
जायकवाडीवर फ्लेमिंगो असतात हिवाळ्यात, खाली नको.

औंढ्याचा_नवशिक्या (औंढा नागनाथ)
माफ करा, मध्येच विचारतो. माझ्याकडं पैसे घालून घेतलेलं विमान नाही, फुकटचं सु-२५टी आहे. त्याच्या श्क्वाल कॅमेऱ्याचंही सरकतं. तेच कारण का?

सेलूचा_सुखोई
नाही रे. श्क्वालला लक्ष्याचा आकार सांगावा लागतो. गाडी धरायचीय आणि आकार इमारतीएवढा ठेवलास तर धरतच नाही. लक्ष्याचा आकार कमी-जास्त करायच्या कीज कंट्रोल्समध्ये आहेत. लेझर चालू कर, लांबून घाई करू नकोस, आणि तो टीव्ही कॅमेरा आहे, रात्री काही दिसणार नाही. फुकटचं म्हणून कमी समजू नकोस, पॉड कसा विचार करतो ते त्याच्यावर चांगलं समजतं.

औंढ्याचा_नवशिक्या
आकार बदलला. धरला! धन्यवाद दादा.

परभणीकर_वायपर
मंडळी, काल रात्री सगळं तपासलं, एका वेळी एकच गोष्ट बदलून. क्रमानं लिहितो.

एडिटरमध्ये लक्ष्याच्या स्टीअरपॉइंटची उंची जमिनीवर आणली, बाकी काही हलवलं नाही. पॉड वळवला आणि धावपट्टी पहिल्या झटक्यात चौकटीत. आयएनआरमध्येच ठेवलं, टीएमएसला हातही लावला नाही. जमीन वर जाणं थांबलं. थ्रॉटल परत जोडला, डेडझोन काढून शून्य केला. धावपट्टी हळूहळू आडवी सरकायला लागली, तीही एरिया ट्रॅकमध्ये असताना. डेडझोन ८ दिला, थांबली. म्हणजे उभं सरकणं उंचीचं होतं, आडवं सरकणं स्टिकचं. दोन्ही एकत्र होतं म्हणून जमीन तिरपी जाताना दिसायची.

अजिंठा ताई, तुमचं नवास एकचं प्रमाण मोजायला मुद्दाम उंची परत २००० फूट केली. ९ किलोमीटर उडालो तेवढ्यात क्रॉसवायर धावपट्टीवरून जेवढी सरकली ते अंतर नकाशावर मोजलं, किलोमीटरच्या आसपासच भरलं.

पण एक राहिलंय. त्याच मिशनमध्ये पुढच्या स्टीअरपॉइंटवर गेलो तर तोही बाजूला दिसतो. त्याची उंची जमिनीवरच आहे. सरकत नाही, नुसता बाजूला आहे. अन् घरच्या धावपट्टीचाही तसाच, तेवढाच. काका म्हणाले तसा आता आयएनएस समजायचा का?

बालाघाट
आयएनएस नंतर. आधी कर्सर झीरो. पॉडच्या पानावर सीझेड लिहिलेलं दिसतं, त्याच्या शेजारचं बटण दाब.

एफ-१६ मध्ये तू कर्सरनं पॉड सरकवलास की यंत्रणा ते अंतर लक्षात ठेवते आणि पुढच्या प्रत्येक स्टीअरपॉइंटला तेवढंच अंतर लावते. तिला वाटतं की विमानाची स्वतःची जागा तेवढी चुकलेली आहे आणि वैमानिक ती दुरुस्त करतोय. खऱ्या वैमानिकाला याचा उपयोग होतो. ओळखीची खूण बघून कर्सर तिच्यावर ठेवला की पुढचं सगळं सुधारतं. पण ट्रक शोधायला कर्सर फिरवला असेल तर तोच फेरफार सगळीकडं लागतो. टीएमएस खाली दाबलास तरी जात नाही, पॉड परत येतो तो त्या फरकासकट. पॉडच्या पानावर आलास की सीझेड दाबायची सवय लाव.

सगळे स्टीअरपॉइंट एकाच दिशेला, एकाच अंतरानं बाजूला असले आणि सीझेडनं जाग्यावर आले तर कर्सर. सीझेड दाबूनही आले नाहीत तर काकांचा आयएनएस.

परभणीकर_वायपर
आले जाग्यावर. सगळे.

मांजराकाठ
चला, आयएनएस सुटला निर्दोष.

हिंगोली_हॉक
आता जेडॅमचं. पॉड हलत नसला तरी जेडॅम चुकू शकते, त्यावर कुणी बोललं नाही. जेडॅम चित्र बघत नाही, सोडताना दिलेल्या जागेवर जाते. पॉड तिरपा बघत असताना ट्रक किती लांब आहे हे यंत्रणा अंदाजानं धरते. अंदाज चुकला की जागा चुकली, चित्र कितीही स्थिर असो. म्हणून एरिया किंवा पॉइंट ट्रॅक लागला की लेझर आर्म करून ट्रिगरचा पहिला टप्पा दाबून ठेव, थोडा वेळ अंतर मोजू दे, मग बॉम्ब सोड. डोंगराळ भागात तर लेझरशिवाय सोडूच नकोस.

जीबीयू-१२ (लेझर बॉम्ब) वेगळी. ती लेझरचा ठिपका बघत येते, त्यामुळं सोडताना थोडं चुकलं तरी शेवटी ठिपक्यावर जाते. पण ठिपका शेवटपर्यंत ट्रकवर राहायला पाहिजे, म्हणजे स्टिक सरकणारी असली तर जीबीयू-१२ ला जास्त त्रास. लेझरचा कोड पॉड आणि बॉम्ब दोन्हीकडं एकच ठेव, १६८८ असतो सुरुवातीला.

अजिंठा_ताई
यात एक भर. उंची कॉकपिटमधूनही सुधारता येते. दुसऱ्यानं बनवलेल्या मिशनमध्ये एडिटर आपल्या हातात नसतो, तेव्हा डीईडीवर स्टीअरपॉइंटचं पान उघडायचं, एलिव्हेशनची ओळ बघायची. लक्ष्यावरच्या पॉइंटला गोल दोन-तीन हजारांचा आकडा दिसला की शंका घ्यायची. जमिनीची उंची क्वचितच अशी गोल असते.

परभणीकर_वायपर
हॉर्नेट विमान उडवणाऱ्या मित्रालाही हेच सांगू का? त्याचंही सरकतं म्हणतो.

बालाघाट
स्टीअरपॉइंटची उंची आणि स्टिकचा डेडझोन तसाच तपासायला सांग, फक्त तिथं अ‍ॅक्सिसला टीडीसी म्हणतात. सीझेडची भानगड त्याच्याकडं नाही, अनडेझिग्नेटचं (धरलेलं लक्ष्य सोडायचं) बटण आहे. आणि आयएनएसचा नॉब अलाइनमेंटनंतर आयएफएवर ठेवतो की नॅव्हवर ते विचार. आयएफएवर जीपीएसची मदत मिळते, नॅव्हवर नाही.

परभणीकर_वायपर
विचारलं. नॅव्हवर ठेवतो. आयएफएवर करून बघतोय तो, एडिटरमधली उंचीही बदलायलाय. काय होतं ते इथंच लिहायला सांगतो त्याला.